चौऱ्याऐंशी म्हणजे पास की नापास?

पत्र

ताई, माझा मुलगा नऊ वर्षं चार महिन्यांचा आहे, चौथीत, इंग्रजी माध्यमात. आम्ही विक्रोळीला राहतो. घरात सगळे मराठीच बोलतो. त्याचं वाचन अजून अडखळतं, फळ्यावरचं उतरवून घेताना अर्धं राहतं, पाढे आज पाठ झाले की उद्या विसरतो. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी बुद्ध्यांक काढून आणायला सांगितला. घाटकोपरला एका ठिकाणी काढला. संध्याकाळी साडेसहाची वेळ मिळाली. शाळा आणि शिकवणी उरकून तसाच नेला, सर्दीही झाली होती. बाई इंग्रजीतून विचारत होत्या. अहवालात ८४ आलाय आणि खाली ‘सरासरीपेक्षा कमी’ असं लिहिलंय.

सासूबाईंना कळलं तेव्हा म्हणाल्या, “चौऱ्याऐंशी? मग चांगलेच आहेत की!” त्यांना टक्के वाटले. ह्यांनी मात्र कागद वाचून त्याच्यासमोरच “म्हणजे डोकंच नाहीये” असं म्हटलं. मंडळाच्या खोलीत तो मोठ्या मुलांबरोबर कॅरम खेळायचा, ते बंद केलं आणि दुसरी शिकवणी लावली. माझ्या जावेच्या मुलाने मोबाईलवर चाचणी दिली, त्याला १३२ आले, ते नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरतंय. परवा झोपताना मुलाने विचारलं, “आई, चौऱ्याऐंशी म्हणजे पास की नापास?” मला उत्तर देता आलं नाही. हा आकडा खरा मानायचा का? तो वाढतो का? अहवालाचा फोटो नाव झाकून पाठवते आहे.

एक आई, विक्रोळी

उत्तर

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण तुमच्या घरात या आकड्याचा जो काही गोंधळ झालाय त्यात त्यांची चूक सगळ्यात निरुपद्रवी आहे. शिवाय ती चूक भलेभले करतात. बुद्ध्यांक म्हणजे शंभरपैकी मिळालेले गुण नव्हेत. तो रांगेतला नंबर आहे. चाचणी तयार करणारे आधी ती वेगवेगळ्या वयाच्या मुलांच्या मोठ्या गटाला देतात, प्रत्येक वयाला सरासरी किती जमतं ते पाहतात आणि त्या सरासरीला १०० म्हणतात. मग त्या मुलांच्या गुणांत जो चढउतार असतो तो अशा मापाने बसवतात की १५ गुण म्हणजे एक पायरी. शंभरातली साधारण ६८ मुलं ८५ ते ११५ यांच्या मध्ये येतात, ९५ मुलं ७० ते १३० यांच्या मध्ये. १३० च्या वर जेमतेम दोन, ७० च्या खालीही तितकीच.

या हिशेबाने ८४ म्हणजे त्याच्याच वयाच्या शंभर मुलांच्या रांगेत त्याच्या मागे चौदाएक मुलं आहेत. चाळीसच्या वर्गात अशी पाच-सहा मुलं असतात. शाळा सुटताना फाटकाशी उभं राहून मुलं बाहेर पडताना बघा, त्यातली ती पाच-सहा तुम्हाला ओळखता येणार नाहीत. ‘सरासरीपेक्षा कमी’ हे शब्द अहवालात ठळक छापलेत म्हणून ते भयंकर वाटतात, एवढंच.

टक्क्यांचा भास होतो तो त्या शंभरामुळे, आणि शंभर आला त्याचीही एक गोष्ट आहे. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली पहिली उपयोगी चाचणी केली. वर्गात मागे पडणारी मुलं कोणती आणि कोणाला वेगळं शिकवायला हवं, हे सरकारी समितीला ठरवायचं होतं. काम तेवढंच होतं. पुढे बिनेंनी ‘मानसिक वय’ ही कल्पना आणली. मुलगा नऊ वर्षांचा, पण सात वर्षांच्या मुलांना जमतं तेवढंच त्याला जमलं, तर मानसिक वय सात. १९१२ मध्ये जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायला सुरुवात केली आणि १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी अपूर्णांक नको म्हणून त्याला १०० ने गुणलं. झाला बुद्ध्यांक. तुमच्या मुलाचं वय ११२ महिने. या जुन्या रीतीने त्याचं मानसिक वय ९४ महिने निघालं असतं तर भागाकार आणि गुणाकार करून ८४ च आले असते.

या रीतीची पंचाईत अशी की मूल मोठं झालं की ती कोलमडते. चाळिशीच्या माणसाचं मानसिक वय विशीचं निघालं तर त्याला ५० द्यायचे का? म्हणून डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात काम करताना मोठ्यांसाठी चाचणी केली तेव्हा भागाकार सोडून दिला आणि वर सांगितलेली रांगेची पद्धत घेतली. नाव मात्र जुनंच राहिलं. इंग्रजी ‘आयक्यू’तला ‘क्यू’ म्हणजे ‘क्वोशंट’, भागाकार. आपण आजही ‘भागाकार’ म्हणतो आणि बहुतेक चाचण्यांत भागत काहीच नाही.

आपल्याकडे दोन्ही वंश नांदतात. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातल्या धारवाडला टर्मनच्या चाचणीवरून मराठी आणि कानडी मुलांसाठी चाचणी बसवली, ती १९३४ सालची. बिने-कामत या नावाने ती अजून वापरात आहे आणि तिच्यात मानसिक वयाचा भागाकारच आहे. तुमच्या मुलाला दिली ती ही नव्हे. फोटोत दिसतंय ती मालिनची चाचणी. आर्थर मालिन यांनी नागपूरला वेक्स्लरच्या मुलांच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी केलेली, १९६९ ची. हे मुद्दाम सांगते आहे, कारण कुठली चाचणी हे विचारल्याशिवाय ८४ या आकड्याला अर्थ नाही. दोन चाचण्यांचे ८४ हे दोन वेगळे ८४ असू शकतात. पण तुमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर चाचणीचं नाव कोणी विचारलं नसणार.

आता फोटोचं दुसरं पान बघा. पहिलं पान तुम्ही इतक्या वेळा वाचलंय की त्याची घडी फाटायला आली आहे, दुसरं कोरं करकरीत आहे.

तिथे दोन आकडे आहेत. शाब्दिक ७४, कृती ९४. मालिनच्या चाचणीत एकूण बुद्ध्यांक म्हणजे या दोघांची सरासरी. ७४ अधिक ९४ भागिले दोन, ८४. म्हणजे ज्या आकड्यावरून घरात एवढं रामायण झालं, तेवढं त्या मुलाला कशातच मिळालेलं नाही. एका बाजूला तो त्याहून बराच खाली आहे आणि दुसऱ्या बाजूला सरळसरळ सरासरीच्या पट्ट्यात. विक्रोळीहून सकाळी पावणेनऊच्या सीएसएमटीच्या गाडीत आणि दुपारी अडीचच्या गाडीत किती माणसं असतात याची सरासरी काढली, तर दोन्ही गाड्यांत आरामात उभं राहता येतं असं उत्तर येईल. पावणेनऊला चढून दाखवा. दोन भागांत वीस गुणांचं अंतर असताना एकूण आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो, आणि चांगला मानसशास्त्रज्ञ ते अहवालात लिहितो. तुमच्या अहवालात लिहिलेलं नाही. बाईंना फोन करून विचारा, अहवाल समजावून घेण्यासाठी वेळ मागा. पैसे भरलेत तुम्ही, तो तुमचा हक्क आहे.

त्याखाली एकेका उपचाचणीचे गुण आहेत. ब्लॉक डिझाइन सगळ्यात वर. लाल-पांढरे ठोकळे देतात, कार्डावर नक्षी दाखवतात आणि घड्याळ लावून तशीच नक्षी जुळवायला सांगतात. चित्रातलं काय राहिलंय ते ओळखण्यातही तो चांगला आहे. खाली आहेत चार. अंकगणित, सामान्य माहिती, अंक ऐकून तसेच आणि उलटे म्हणणं, आणि संकेतलेखन, म्हणजे वर दिलेली खूण बघून खाली भराभर उतरवणं. आता तुमचं पत्र परत वाचा. वाचन अडखळतं, फळ्यावरचं अर्धं राहतं, पाढे टिकत नाहीत. ही चार खाली आणि ठोकळे वर, असं चित्र वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलांमध्ये आम्ही पुष्कळदा पाहतो. या चौकडीला आमच्या धंद्यात नावसुद्धा आहे. पण सावध करते. नुसत्या या चित्रावरून निदान करू नये, कारण अडचण नसलेल्या मुलांतही ते दिसतं आणि असलेल्या मुलांत कधी दिसत नाही. ते दार कुठलं ठोठवायचं एवढं सांगतं.

अंक ऐकून म्हणण्याबद्दल एक अगदी साधी शंका. त्याला त्या दिवशी सर्दी होती. नाक चोंदलेलं असताना कान दडतात. ती उपचाचणी पूर्णपणे ऐकण्यावर चालते, अंक एकदाच म्हणतात, पुन्हा म्हणायचे नाहीत असा नियमच आहे. सर्दी वारंवार होत असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा, श्रवणचाचणी करून घ्या, डोळेही तपासून घ्या. माझ्याकडे ‘लक्ष नाही’ म्हणून आणलेली आणि चष्मा लागून परत गेलेली मुलं आहेत. आई-वडिलांना त्याचा आनंद व्हायचा सोडून फीचं वाईट वाटतं.

भाषेचं त्याहून मोठं आहे. शाब्दिक भागात माहिती, शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींत सारखं काय आणि ‘असं झालं तर काय करशील’ असे प्रश्न असतात. हे सगळं त्याला इंग्रजीतून विचारलं. त्याच्या घरात इंग्रजी फक्त गृहपाठाच्या वहीत आहे. मग त्यातून बुद्धी किती मोजली आणि इंग्रजी किती, हे वेगळं काढता येत नाही. मालिनची चाचणी मराठीतून घेता येते. घ्यायला हवी होती.

इथे माझी एक जुनी आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नव्वदच्या दशकात मी परळच्या बाजूच्या एका शाळेत मुलांच्या चाचण्या घ्यायला जायची. शिक्षकांच्या खोलीत एका कोपऱ्यात टेबल, पलीकडे चहाचे कप खणखणताहेत. दहा वर्षांचा मुलगा समोर होता. गिरणी बंद पडल्यापासून वडील मिळेल ते काम करत होते. रस्त्यात कोणाचं पैशाचं पाकीट सापडलं तर काय करशील, अशा धाटणीचा प्रश्न मी विचारला. तो म्हणाला, “हात नाय लावणार.” का रे? “लावला तर मीच घेतलं म्हणतील.” उत्तरांच्या पुस्तकात पोलिसात देणं, मालकाला शोधणं, मोठ्या माणसाकडे देणं यांना गुण होते. हात न लावण्याला शून्य. मी शून्य लिहिला. तो लिहावाच लागतो, प्रत्येकाने आपल्या मनाने गुण वाढवायला घेतले तर हा मुलगा आणि तो मुलगा यांची तुलनाच उरत नाही. पण समासात त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं. अहवाल लिहिताना मला त्या शून्यापेक्षा ते वाक्य जास्त उपयोगी पडलं. आपल्या गल्लीत कुणावर आधी संशय येतो, हे त्या पोराला नीट कळत होतं.

म्हणून तुम्ही बाईंना भेटाल तेव्हा विचारा, समासात काय लिहिलंत? मुलगा कंटाळला होता का, मराठीत पुटपुटत होता का, उत्तर माहीत असून गप्प बसला का, शेवटी शेवटी चुका वाढल्या का? सात तासांची शाळा आणि शिकवणी करून आलेल्या मुलाला संध्याकाळी साडेसहाला बसवलं, याची नोंद अहवालात असायला हवी.

एवढं बोलल्यावर तुम्ही म्हणाल, म्हणजे आकडा खोटाच. तसं मी म्हणत नाही. ‘हे सगळे पाश्चात्त्यांचे खेळ, आमचं पोर कसं हुशार आहे’ असं सांगून पाठ थोपटणारे सल्लागार पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे गेलात तर बरं वाटेल आणि मूल सहावीत जास्त अडकेल. बुद्ध्यांकाचा शाळेतल्या गुणांशी सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे तंतोतंत) साधारण ०.५ चा आहे. मानसशास्त्रात एवढा मोठा आकडा क्वचित हाती लागतो. मुलामुलांच्या गुणांमध्ये जो फरक पडतो त्यातला पाव हिस्सा त्याने समजतो. पाव हिस्सा कमी नाही, आणि उरलेला पाऊण हिस्साही कमी नाही.

शिवाय तुमच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट सांगणं माझं काम आहे. जुन्या चाचण्या मुलांना थोडे जास्तच गुण देतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेत दर दहा वर्षांनी सरासरी सुमारे तीन गुणांनी वर सरकत गेली होती. म्हणजे जुन्या पिढीच्या रांगेत आजच्या मुलाला उभं केलं तर तो उगाच पुढे दिसतो. मालिनची रांग पन्नास वर्षांहून जुनी आहे. तेव्हा भाषा, थकवा आणि सर्दी यांनी आकडा खाली ओढला असेल आणि जुन्या रांगेने वर ढकलला असेल. कोण किती जोर लावतंय ते या एका कागदावरून मला सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही. वाचनाची अडचण मात्र खरी आहे. ती तुम्हाला चाचणीच्या आधीपासून दिसते आहे.

आता एक-दोन गुणांची गोष्ट. ही नीट वाचा, कारण तुमच्या पुढच्या सहा महिन्यांचा प्रश्न यात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातली जन्मजात अडचण, समाविष्ट आहे. आठ वर्षं पूर्ण झाली की प्रमाणपत्र मिळू शकतं, आणि त्यावर परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. पण ते देण्याच्या २०१८ च्या सूचनांत आधी बुद्ध्यांक बघतात आणि तो ८५ च्या वर असेल तरच वाचन-लेखनाच्या चाचण्या घ्यायच्या, अशी रेघ आहे. बुद्धी ठीक असूनही वाचता येत नाही, असं दाखवायचं असतं ना, त्यासाठी. तुमचा मुलगा ८४.

पण चांगल्यात चांगल्या चाचणीतही चूक असते. तीच चाचणी त्याच मुलाला दुसऱ्या दिवशी वेगळ्या बाईंनी दिली तर आकडा हलतो. काळजीपूर्वक केलेल्या चाचणीतसुद्धा पाच-सहा गुण इकडे, पाच-सहा गुण तिकडे धरावे लागतात. म्हणजे ८४ या शब्दाचा खरा उच्चार ‘७८ ते ९०’ असा आहे. हा पट्टा छापलेला नसेल तर अहवाल अर्धवट आहे असं समजा. सराफ ज्या तराजूवर सोनं मोजतो त्याने गव्हाचं पोतं मोजत नाहीत, आणि पोत्याच्या काट्यावर मंगळसूत्र तोलत नाहीत. आपण बुद्ध्यांकाच्या काट्यावर ८५ आणि ८६ यांच्यात दार लावून टाकतो. सरकारला कुठेतरी रेघ मारावी लागते हे मला कळतं. पण त्या रेघेच्या अल्याड उभं राहिलेल्या पोराच्या आईला ते समजावणं मला अजून जमलेलं नाही.

त्यामुळे तुम्ही एवढं करा. कान-डोळे तपासून झाले की सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचा विभाग आहे, तिथे नाव नोंदवा. नंबर यायला वेळ लागला तरी नोंदवून ठेवा. हा अहवाल दाखवा, लपवू नका. चाचणी इंग्रजीतून झाली, घरची भाषा मराठी, दोन भागांत वीस गुणांचं अंतर, त्या दिवशी सर्दी, हे चार मुद्दे एका कागदावर लिहून न्या आणि मराठीतून फेरचाचणी हवी असं सांगा. लगेच मात्र नको. तीच चाचणी थोड्या दिवसांत परत दिली की सरावाने गुण वाढतात, म्हणून साधारण वर्षभराचं अंतर ठेवतात किंवा दुसरी चाचणी वापरतात. कुठली ते तिथले लोक ठरवतील. मधल्या काळात विशेष शिक्षकाकडून वाचनाचा सराव सुरू करायला प्रमाणपत्र लागत नाही. दुसऱ्या शिकवणीचे पैसे तिकडे वळवा. अडखळणाऱ्या मुलाला तेच धडे दिवसातून तीनदा वाचायला लावणं म्हणजे मुरगळलेल्या पायाने त्याला जास्त पळवणं आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण धसका कशाचा घेतलाय ते पत्रात दिसतंय. ‘मतिमंद’ हा जुना शब्द आता डॉक्टर वापरत नाहीत, आणि ज्याला आज बौद्धिक अक्षमता म्हणतात ती नुसत्या आकड्यावरून ठरतही नाही. आकडा ७० च्या आसपास किंवा खाली, आणि त्याबरोबर वयाच्या मानाने रोजचं जगणं जमत नाही, अशा दोन्ही गोष्टी लागतात. तुमचा मुलगा खाली जाऊन दूध आणतो का, सुटे पैसे मोजून परत आणतो का, आपले कपडे, आपलं दप्तर बघतो का? मोठ्या मुलांत बसून कॅरमचे नियम पाळून खेळतो हे तुम्हीच लिहिलंय. तो धसका सोडा.

जावेच्या मुलाच्या १३२ बद्दल थोडक्यात. मोबाईलवरच्या बहुतेक चाचण्या कुणाच्या रांगेशी तुलना करतात ते सांगत नाहीत, कधी कधी रांगच नसते. बाळाला १३२ मिळाले की आई तो निकाल चार जणांना पाठवते आणि चार जण ॲप उतरवून घेतात. ११७ देणाऱ्या ॲपचं काय होईल? शाळांमध्ये बोटांचे ठसे घेऊन बुद्धी सांगणारे येतात, त्यालाही वैज्ञानिक आधार नाही. डोळे बांधून वाचायला शिकवणाऱ्यांबद्दल मी लिहितही नाही. जावेशी यावरून वाद मात्र घालू नका. गणपतीत एकाच स्वयंपाकघरात उभं राहायचंय.

आकडा वाढतो का? शिक्षणाने वाढतो. २०१८ मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिलं, तेव्हा शाळेतल्या एकेका जादा वर्षाने बुद्ध्यांकात साधारण एक ते पाच गुणांची भर पडते असं निघालं. बिनेंना याचा अंदाज शंभर वर्षांपूर्वीच होता. बुद्धी ठरलेली असते, ती वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांवर ते १९०९ च्या पुस्तकात चांगलेच चिडलेले दिसतात, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष आणि स्मरणाचे व्यायामही बसवले होते. दोन वर्षांनी ते गेले आणि त्यांची चाचणी अमेरिकेत जाऊन भलत्याच कामाला लागली. बदाम, ब्राह्मी, कोडी सोडवायचं ॲप यांनी आकडा हलत नाही. बदाम द्यायचे तर द्या, बदाम चांगलेच असतात.

राहिले तुमचे मिस्टर. त्यांना हे सदर वाचायला द्या, निदान हा परिच्छेद. ज्या टर्मननी १०० ने गुणलं, त्यांनीच १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात अतिहुशार मुलं शोधून काढायचा प्रकल्प सुरू केला. दीड हजारांवर मुलं निवडली आणि जन्मभर त्यांचा मागोवा घेतला. ती मुलं एकूणात चांगली शिकली, चांगली कमावती झाली, आकडा अगदीच फोल गेला नाही. पण त्यांच्यातल्या एकालाही नोबेल मिळालं नाही. चाळणीत न टिकलेल्या दोन मुलांना मिळालं, विल्यम शॉकलींना १९५६ मध्ये आणि लुईस अल्व्हारेझ यांना १९६८ मध्ये, दोघांनाही भौतिकशास्त्राचं. (त्यातला कडू विनोद असा की हेच शॉकली पुढे बुद्ध्यांकावरून वंशांची उतरंड लावत फिरले. चाळणीतून पडूनही माणूस चाळणीचा भक्त होऊ शकतो.) याचा अर्थ तुमचा मुलगा नोबेल आणेल असा नाही. नऊ वर्षांच्या मुलाबद्दल त्या कागदावरून ‘डोकंच नाही’ इतकं ठाम बोलण्याचं धाडस ज्यांनी ती चाचणी आयुष्यभर वापरली त्यांनीही केलं तर त्यांचं हसं झालं, एवढाच अर्थ आहे.

कॅरम उद्यापासून सुरू करा. कॅरम येतो म्हणून तो हुशार, असं मी म्हणणार नाही. पण सोंगटी कडेला आपटून कुठे जाईल हे ज्याला दिसतं आणि ठोकळ्यांची नक्षी ज्याला पटकन जुळते, त्याच्याकडे एक बाजू शाबूत आहे, आणि दिवसभर वाचनात हरणाऱ्या मुलाला संध्याकाळी एक तरी जागा जिंकायला हवी. शिक्षा म्हणून नेमकी तीच जागा काढून घेतली गेली.

आणि त्याने विचारलेला प्रश्न. त्याला उत्तर द्या, आज रात्रीच द्या, कारण तो विसरलेला नाही. सांगा की ती परीक्षा नव्हती, त्यात पास-नापास नसतंच. तुला काय लवकर जमतं आणि कशाला वेळ लागतो ते बघायचं होतं. ठोकळे तू झटकन जुळवलेस. ऐकलेले अंक लक्षात ठेवायला आणि वाचायला तुला जास्त मेहनत पडते, ते सोपं करून शिकवणाऱ्या एक बाई आपण शोधतोय. एवढं पुरे, भाषण नको. यावर तो विचारेल, मग बाबा असं का म्हणाले? त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका. बाबांना हाक मारा आणि तुम्ही पाणी प्यायला उठून जा.